रविवारचा विचका: छत्री, इन्व्हर्टर आणि मैफलीतली खुर्ची

रविवारी सकाळी टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ अशी पाटी आली की घरात एकाचा हात रिमोटवर पडतो आणि दुसऱ्याचा टीव्हीच्या पाठीवर. दोन्ही हात चुकीच्या जागी. आधी गच्चीवर जा. सुट्टीच्या दिवशी चादरी धुवायला निघतात आणि वाळत घालायची दोरी नेमकी टीव्हीच्या छत्रीच्या, म्हणजे डिश अँटेनाच्या, तोंडासमोर बांधलेली असते. कोरड्या सुती चादरीतून उपग्रहाच्या लहरी बऱ्यापैकी पार होतात, ओल्या चादरीतून नाही. जाडजूड सोलापुरी चादर भरपूर पाणी धरून ठेवते, आणि अडीच सेंटिमीटरच्या आसपास लांबी असलेल्या या लहरींना पाणी पिऊन टाकतं. जोराची सर आली की चित्राचे चौकोन होतात, त्यामागेही हेच. सकाळी दहाला गेलेलं चित्र दुपारी दोनला कुणी हात न लावता परत आलं, तर चादर वाळली असं समजावं आणि मेकॅनिकला फोन करू नये.

दोरी कुठे बांधायची हे ठरवायला छत्री नेमकी कुठे बघते ते माहीत हवं. डीडी फ्री डिशचं उदाहरण घेऊ. तिचा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे. आपलं सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर, ७५.९ अंश पूर्व. गणित मांडलं की दिशा येते उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे १३४ अंश, म्हणजे जवळपास नेमकी आग्नेय, आणि क्षितिजापासूनची उंची ६१ अंश. दुसऱ्या कंपनीची छत्री असेल तर उपग्रह वेगळा, कोन वेगळे. पण सोलापुरातून या सगळ्या छत्र्यांचं तोंड दक्षिण आणि पूर्व यांच्या मधेच कुठेतरी असतं.

इथे बहुतेकांची फसगत होते. छत्री बघायला बरीचशी उभी दिसते, त्यामुळे ती समोरच्या इमारतीकडे बघते आहे असं वाटतं. खरं तर एलएनबी, म्हणजे लहरी पकडणारी छोटी डबी, मध्यावर नसून खालून पुढे आलेल्या दांडीवर असतो, आणि त्यामुळे छत्रीची नजर तिच्या तोंडापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असते. ६१ अंश उंचीचा हिशोब धरला, तर छत्रीपेक्षा दहा फूट उंच भिंतीपासून साडेपाच-सहा फूट लांब बसवलेली छत्री बिनधास्त चालते. शेजाऱ्याने मजला चढवला म्हणून चॅनेल गेले, ही तक्रार त्यामुळे निम्म्या वेळा खोटी निघते. चादरीच्या दोरीलाही हाच नियम: छत्रीच्या मागे किंवा वायव्येला कितीही उंच बांधा, पुढे बांधायचीच तर छत्रीच्या खालच्या कडेपेक्षा खाली.

एप्रिल-मे महिन्यांतला वळीव हा दुसरा गुन्हेगार. दोन फुटी छत्रीची नजर जेमतेम तीन अंश रुंद असते. वाऱ्याने ती दीड-दोन अंश फिरली तरी खेळ संपला, आणि एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. परत बसवताना आधी खांबाला ओळंबा लावा. खांब तिरका असेल तर डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही बदलत राहते आणि माणूस तासभर गोल गोल फिरतो. फोनमधलं होकायंत्र वापरत असाल तर पत्र्यापासून आणि खुद्द खांबापासून चार-पाच फूट लांब उभं राहून दिशा बघा, लोखंडाजवळ ते थापा मारतं. मग नट अर्धवट सैल करून छत्री अंशभर हलवायची आणि चार-पाच सेकंद थांबायचं. सेटटॉप बॉक्सला हिशोब करायला वेळ लागतो. घाईघाईने फिरवणारा बरोबर जागेवरून तीनदा पुढे निघून जातो. खाली टीव्हीसमोर बसलेल्याने ‘क्वालिटी’ची पट्टी वाचून सांगायची, ‘स्ट्रेंग्थ’ची नाही. स्ट्रेंग्थ भरलेली आणि क्वालिटी शून्य, याचा अर्थ वायर आणि एलएनबी जिवंत आहेत, पण छत्री भलतीकडे बघते आहे. दोन्ही शून्य असतील तर वायर बघा.

वायरीत नव्वद टक्के भानगड टोकाच्या कनेक्टरमध्ये असते, हा टक्का माझा अंदाज, पण पैज लावायला तयार आहे. काळी वायर सोलताना बाहेरच्या जाळीची एखादी बारीक तार मधल्या तांब्याला टेकली की शॉर्ट. हात लावण्याआधी बॉक्स बंद करायचा, जाळी मागे दुमडायची, तांबं कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवायचं. तांब्यावर हिरवट थर आला असेल तर तेवढं टोक कापून नव्याने सोला. एलएनबीला जोडण्यापूर्वी वायरीला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं, कनेक्टरमध्ये उतरत नाही. सगळे नाही, पण निम्मे चॅनेल गेले असतील तर ते लक्षण वेगळं: बॉक्स एलएनबीला कधी १३ तर कधी १८ व्होल्ट देऊन लहरींची आडवी-उभी जात निवडतो. गंजलेल्या जोडात व्होल्ट गळाले की १८ची मागणी पोचतच नाही आणि एक अख्खी जात गायब होते.

आणखी एक बिचारा प्रकार. मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य नेमका फ्री डिशच्या उपग्रहाच्या मागे येतो. काही मिनिटं चित्र फाटतं, सलग काही दिवस असंच होतं, मग थांबतं. या काळात पाना हातात घेणारा चांगली बसलेली छत्री बिघडवतो.

आता वीज. सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी कूलर, एसी, मोटार एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसतं. इन्व्हर्टरच्या पाठीवर किंवा पुढे यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं, घरोघरी त्याकडे कुणी बघत नाही. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर सुमारे १८० व्होल्टच्या खाली लाइट गेली असंच समजतो आणि बॅटरीवर जातो. बाहेर लाइट आहे, पंखे फिरताहेत, आणि बॅटरी मात्र गुपचूप रिकामी होते आहे. रात्री नऊला खरंच लाइट जाते तेव्हा इन्व्हर्टर पंधरा मिनिटांत किंचाळायला लागतो आणि शिव्या बॅटरीवाल्याला बसतात. घरात संगणक नसेल तर बटण नॉर्मलवर ठेवा. तो मोड खूप कमी व्होल्टेजपर्यंत मेन लाइन सोडत नाही. तोटा एवढाच की अदलाबदल थोडी सावकाश होते आणि सेटटॉप बॉक्स बंद होऊन पुन्हा चालू होतो. शेवटच्या षटकात ही दोन मिनिटं जड जातात, हे मान्य. सामन्यापुरतं यूपीएसवर टाकून नंतर परत फिरवणं हा मधला मार्ग.

हिशोबही एकदा करून ठेवावा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हाती साधारण १४४०. त्रेचाळीस इंची टीव्ही ८० वॉट, बॉक्स १५, राउटर १०, दोन साधे पंखे १५०: मिळून २५५. नवी बॅटरी साडेपाच तास काढेल, चार वर्षांची निम्मे. पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटारीचे, असले तर दोघांचे मिळून ६० वॉट, आणि त्याच बॅटरीत तीन तास वाढतात. टीव्ही बंद करून पंखा ठेवायचा की उलटं, हा वाद त्यामुळे पंखा बदलून मिटतो. बॅटरीतलं पाणी उन्हाळ्यात दर महिन्याला बघा. तरंगणारी खूण लाल रेषेकडे उतरली की डिस्टिल्ड वॉटर, वरच्या रेषेपर्यंतच. बोअरचं पाणी तर नाहीच, घरच्या आरओचंही नाही, त्यातही क्षार उरतात.

नळाला पाणी आलं की गल्लीत एकाच वेळी मोटारी लागतात. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे त्या वेळी कुणालाच थांबायला सांगता येत नाही. एक अश्वशक्तीची मोटार चालू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, दिवे मंद होतात, बॉक्स रिस्टार्ट होतो. यात बॉक्सचा काही दोष नाही. टीव्हीचा प्लग मोटारीच्या सर्किटवर असेल तर वायरमनकडून वेगळा काढून घ्या. आणि रविवारी कार्यक्रमाला निघण्याआधी घरातली प्रत्येक तोटी हाताने फिरवून बघा. कोरडी तोटी उघडी आहे की बंद, हे नुसतं बघून कळत नाही.

रिमोट आमटीत पडला तर सेल आधी काढा. रबरी बटणांची चादर साबणाच्या पाण्यात धुतली तरी चालते, आतली हिरवी पट्टी मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची आणि दिवसभर वाळू द्यायची. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, फक्त भाताला वास येतो. रिमोट जिवंत आहे का हे फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून दिसतं: टोकाशी जांभळट ठिपका चमकला पाहिजे.

आणि इंटरनेटवर सामना बघणाऱ्यांनी शेजारच्या छत्रीवाल्यांना शांत राहायला सांगावं. इंटरनेटवरचं चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवून येतं, छत्रीच्या मागे अर्धा मिनिटभर असू शकतं. विकेट आधी भिंतीपलीकडून कळते. याला घरच्या घरी उपाय नाही.

संध्याकाळी गाणं. हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात कार्यक्रम असेल तर रविवारी पार्क चौपाटीची गर्दी धरूनच निघा. खाण्याच्या गाड्यांभोवती आलेल्या दुचाक्या आणि कार्यक्रमाला आलेल्या दुचाक्या एकाच जागेवर डोळा ठेवून असतात. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा गाडी लांब लावून चालत जाणं बरं.

पहिली रांग मान म्हणून ठीक, ऐकायला वाईट. तिथे गायकाचा आवाज बाजूच्या मोठ्या स्पीकरमधून येतच नाही, कारण ते स्पीकर तुमच्या डोक्यावरून मागे रोखलेले असतात. कानावर पडतो तो रंगमंचावरचा तबला आणि कलाकारांकडे तोंड केलेल्या स्पीकरची, म्हणजे मॉनिटरची, गळती. मधल्या पट्ट्यातली सहावी ते दहावी रांग घ्या, जिथून दोन्ही स्पीकर साधारण सारख्या अंतरावर असतात. अगदी शेवटची, भिंतीला टेकलेली रांग नको, तिथे डग्गा घुमतो आणि शब्द बुडतात. बाल्कनीच्या खोल पोटातली खुर्चीही नको.

वेळेवर जाण्याला एक कायदेशीर कारण आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस १२पर्यंत सूट देतं. मैदानावरचा कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला की कात्री शेवटच्या भैरवीला लागते. सुरुवातीला कलाकार दहा मिनिटं वाद्य लावत बसले तर घड्याळ बघू नका. गार सभागृहातून दिव्यांच्या झोतात आलं की तार तापून सैल पडते आणि सूर उतरतो; दमट हवेत तबल्याची पुडी ढिली होते. आयोजकांसाठी एकच: माइकमधून शिट्टी येते कारण स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो. मुख्य स्पीकर माइकच्या रेषेपुढे ठेवा, न वापरलेले माइक बंद करा, गायकाला माइकच्या जवळ बसवा. व्हॉल्यूम कमी करत जाणं हा सगळ्यात शेवटचा उपाय.

ऑर्केस्ट्रा किंवा डीजे असेल तर कानाचा विचार करा. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल उतरतात, म्हणजे फुकटात चौपट वेळ मिळतो. फोमचे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. बारीक वळून, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटाने धरायचे. कापूस कामाचा नाही.

सुटल्यावर स्कूटर चालू होत नसेल तर किक मारत सुटू नका. गर्दीत गाडी काढायला कुणीतरी तुमची सरकवलेली असते. हँडलवरचं लाल बटण बंद झालंय का आणि साइड स्टँड पूर्ण वर आहे का बघा; नव्या गाड्यांचं इंजिन स्टँड खाली असताना सुरूच होत नाही.

घरी येऊन टीव्ही लावलात आणि आवाज रोजच्यापेक्षा पाच-सहा अंक जास्त ठेवावासा वाटला, तर टीव्हीला काही झालेलं नाही, कान काही काळापुरते बधिर आहेत. रोजच्या अंकावर ठेवा, नाहीतर बंद करून झोपा. दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत कानातली शीळ थांबली नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, तेल घालू नका.