मावशींचा व्हिडिओ

मार्च २०२३. १४ तारखेपासून जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप ठरलेला आणि पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या (नाव नको) कर्मचारी कृती समितीचं प्रचाराचं काम माझ्याकडं होतं.

लोकांना वाटतं आमचं काम म्हणजे बॅनर आणि घोषणा. अर्धा दिवस जातो निवेदनाच्या कॉपीवर आवक-जावकचा शिक्का मारून घेण्यात. त्यात नगरसेवक नाहीत, प्रशासक बसलेला, मग दबाव टाकायचा कुणावर, तर आमदाराच्या पीएवर, आणि तो फोन उचलेल तर शपथ.

पण जुन्या-नव्या पेन्शनच्या तुलनेचा माझा तक्ता भारी झालेला, सांगतोच. शेवटचं बेसिक ४० हजार धरा. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागला असाल तर निम्मं म्हणजे २० हजार पेन्शन, वर महागाई भत्ता. नंतर लागलात तर एनपीएस, म्हणजे पगारातून कापून जमवलेल्या पैशांवरची नवी पेन्शन. समजा १८ लाख जमले, त्यातले ४० टक्के, ७ लाख २० हजार, अॅन्युइटीत (दरमहा ठरावीक रक्कम देणाऱ्या विमा कंपनीच्या योजनेत) घालायचेच, साडेसहा टक्क्यांनी महिन्याला ३९०० सुटतात आणि महागाई भत्ता शून्य. (उरलेले ६० टक्के हातात मिळतात हे आम्ही बारीक अक्षरात टाकलेलं. टाकलेलं मात्र होतं.)

आता चेहरा हवा होता. सफाई खात्यातून रिटायर झालेल्या एक मावशी मिळाल्या, एका टेकमधे बोलल्या, "गाव उठायच्या आत रस्ता झाडून व्हायचा दादा, आता महिन्याला हातात काय बी नाय." शेवटी पट्टी, एकच मिशन जुनी पेन्शन. संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला.

दुसऱ्या दिवशी नवी पेठेतल्या ऑफिसात समितीतले एक रिटायर्ड लेखापाल आले, अख्ख्या समितीत सेवापुस्तक वाचता येणारा एवढा एकच माणूस. मावशींच्या सेवापुस्तकाची झेरॉक्स मागवली, पहिली दोन पानं बघितली आणि चष्मा काढून म्हणाले, "अहो, कायम २०१४ ला, रिटायर २०२२ ला. आठच वर्षं. जुन्या पेन्शनला किमान १० वर्षं सेवा लागते. उद्या मागणी मान्य झाली तरी या बाईंना पेन्शन बसत नाही."

आणि १९९४ पासूनची रोजंदारी, मी विचारलं.

"ती धरून घ्यायची तर ती वेगळी लढाई, कोर्टापर्यंतची."

२० वर्षं झाडलेला रस्ता कागदावर नाहीच. आणि मी तासभर तक्त्यातल्या रंगांवर घालवलेला, मावशींना तारीख विचारली नव्हती. अध्यक्षांना म्हटलं व्हिडिओ काढू. ते म्हणाले, "राहू दे, चांगला चाललाय." मी राहू दिला. हे मला अजून नीट गिळत नाही, कारण व्हिडिओ खरंच चांगला चालला होता.

२० तारखेला संप मिटला, सरकारनं नेमलेली तीन निवृत्त अधिकाऱ्यांची समिती, अहवाल वगैरे. आमचं प्रचाराच्या कामाचं बिल मे महिन्यात निघालं. रोजंदारीची वर्षं सेवेत धरा ही मागणी मी भांडून निवेदनात घालायला लावली. अकराव्या नंबरला आहे, धुलाई भत्त्याच्या खाली.