तुम्ही विचारलंत म्हणून: नुसत्या टॅबवरून बेस येतो का?

टॅब म्हणजे कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं ते आकड्यांत सांगणारा कागद. हा प्रश्न मला बहुतेक वेळा नवा बेस गिटार घेऊन दिलेल्या मुलांचे आईवडील विचारतात. पोटात दुसरा प्रश्न असतोच: आधी रीतसर नोटेशन, म्हणजे रेघांवर ठिपक्यांनी सूर लिहायची पद्धत, शिकायला नको का? रॉक वाजवायचं असेल तर नको. टॅब घ्या, गाणं लावा आणि बसा. फक्त टॅब काय सांगतो आणि काय गिळून टाकतो, एवढं आधी कळू द्या.

चार आडव्या रेघा म्हणजे बेसच्या चार तारा. रेघेवरचा आकडा म्हणजे कितवा फ्रेट (दांडीवरच्या पट्ट्यांनी आखलेलं घर) दाबायचा ते, आणि शून्य म्हणजे मोकळी तार. व्याकरण संपलं. एकच गोची आहे. सगळ्यात जाड ई तार कागदावर तळाला असते आणि बारीक जी वर, त्यामुळे मान खाली घालून बेसकडे पाहिलं की सगळं उलटं वाटतं. बेस मांडीवर उताणा ठेवून बघा, जुळेल. आणि हा संकेत काही दगडावर कोरलेला नाही. १५०७ साली पेत्रुची नावाच्या मुद्रकाने व्हेनिसला ल्यूट या जुन्या तंतुवाद्याचे टॅब छापले, त्यात जाड तारेची रेघ वर होती. पुढे फ्रेंच वादक तर आकड्यांऐवजी अक्षरं लिहीत. टॅब ही इंटरनेटच्या पोरांनी काढलेली पळवाट आहे असं कुणी म्हणालं, की मी हे साल पुढे करतो.

टॅब जागा सांगतो, सुराचं नाव सांगत नाही. आपल्याकडे पेटीवर ‘काळी चार’ म्हणतात, त्यातलाच प्रकार. बेसवर जागेला महत्त्वही आहे. मोकळी ए तार छेडा आणि मग ई तारेचा ५वा फ्रेट दाबून वाजवा. सूर तोच, पण पहिला खणखणीत आणि दुसरा भरदार, किंचित दबलेला. साध्या नोटेशनमध्ये दोन्ही एकाच ठिपक्याने दाखवतात. टॅबवर फरक लगेच दिसतो.

आता गिळतो काय ते. सूर कधी लावायचा आणि, बेसवर त्याहून अवघड, कधी तोडायचा. क्वीन या बँडचं १९८०चं ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ घ्या, त्यांचा बेसवादक जॉन डीकनने रचलेलं. टॅबमध्ये ई तारेवर शून्य, शून्य, शून्य दिसतात. कुणीही म्हणेल, यात काय आहे? पण रेकॉर्ड ऐका. तीन ठोके आहेत आणि प्रत्येकाच्या मागे स्वच्छ मोकळी जागा. सगळी ऐट त्या मोकळ्या जागेत आहे. मोकळी तार आपणहून गप्प बसत नाही, ती घुमत राहते, आणि तुमचा डीकन होण्याऐवजी गुरगुराट होतो. डाव्या हाताची बोटं तारेवर अलगद टेकवून तिला थांबवावं लागतं. इथे एक बारकावा आहे. एकच बोट नेमकं ५व्या, ७व्या किंवा १२व्या फ्रेटच्या पट्टीवर टेकलं, तर तार थांबायच्या ऐवजी वरचा बारीक ‘टिण्’ असा सूर काढते. म्हणून दोन-तीन बोटं आडवी टाकायची. हे कुठल्या टॅबमध्ये लिहिलेलं असतं?

पिंक फ्लॉइडचं १९७३चं ‘मनी’ही तसंच. त्यांचा बेसवादक रॉजर वॉटर्सच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या छोट्या चालीत, आठ आकडे आहेत, मात्रा सातच. आकडे सरळ ओळीने वाचत गेलात तर गाडी पहिल्याच फेरीत रुळावरून उतरते. दुसऱ्या मात्रेत दोन सूर बसवायचे, बाकीच्या प्रत्येकीत एकेक. रूपक तालात रमलेल्या माणसाला सातचं आवर्तन मोजायला शिकवावं लागत नाही. मधे गिटारच्या सोलोला गाणं चार मात्रांवर जातं, तिथे मात्र तोही दचकतो.

म्हणून माझा क्रम असा: आधी ऐका, मग तोंडाने गुणगुणा, मग टॅब उघडा. आणि हेडफोन लावा. बेसच्या सगळ्यात खालच्या सुराची कंपनसंख्या सेकंदाला ४१च्या आसपास असते. ती मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून नीट बाहेरच पडत नाही, आणि मुलं तक्रार करतात की गाण्यात बेसच नाही. बहुतेक टॅब तुमच्या-माझ्यासारख्या कुणीतरी ऐकून टंकलेले असतात, चुका असायच्याच. कान आणि कागद यांचं पटलं नाही तर कानाचं ऐका. मात्र त्याआधी टॅबच्या डोक्यावर लिहिलेलं ट्यूनिंग, म्हणजे तारा कुठल्या सुरांना लावायच्या ते, बघा. ‘गन्स अँड रोझेस’चं ‘स्वीट चाइल्ड ओ’ माइन’ अर्धा सूर खाली लावलेलं आहे. तारा नेहमीसारख्या ठेवून रेकॉर्डबरोबर वाजवलंत, तर एकही आकडा चुकीचा नसताना सगळं बेसूर लागेल.

नोटेशन लागतं, नाही असं नाही. स्टुडिओत किंवा वाद्यवृंदात समोर कागद ठेवून ‘वाजवा’ म्हणतात तिथे लागतं. तोवर घाई नको.

राहिला प्रश्न पहिल्या गाण्याचा. ‘व्हाइट स्ट्राइप्स’चं २००३चं ‘सेव्हन नेशन आर्मी’. ए तारेवर ७, ७, १०, ७, ५, ३, २. गंमत म्हणजे या बँडमध्ये बेसवादकच नव्हता. त्यांच्या गिटारवादक जॅक व्हाइटने साध्या गिटारचा सूर पेडलने (पायाने चालवायच्या, आवाज बदलणाऱ्या यंत्राने) एक सप्तक खाली उतरवला आणि सगळ्या जगाला तो बेस वाटला. तरी सुरुवात यानेच करा. एकच तार आहे, आणि चाल फुटबॉलच्या स्टेडियममध्ये इतकी गायली गेलीय की लय बहुतेक पोरांना आधीच पाठ असते. १०व्या फ्रेटला करंगळी पोचत नसेल तर बोटं ताणू नका, अख्खा हात सरकवा. मनगट दुखायला लागलं की त्या दिवसापुरतं थांबा.