आधी गेज, मग गॅस : आमची वाटचाल

चंद्रपुरात मे महिन्यात पारा 46-47 वर जातो. गाडीच्या एसीचा धंदा इथे चालेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. 2006 साली पडोली रोडला एक शटर भाड्याने घेतलं, तेव्हा हाताशी फ्रिज-कूलर दुरुस्तीचा अनुभव, एक जुना व्हॅक्यूम पंप आणि गॅसचा दाब मोजणाऱ्या गेजचा सेट एवढंच भांडवल होतं.

बाजारात रीत एकच होती. गाडी थंड मारत नाही? गॅस टाका. गिऱ्हाईकही तेच मागायचं, "भाऊ, गॅस मारून द्या, बाकी काही खोलू नका." पण एसीतला गॅस काही पेट्रोलसारखा जळत नाही. होज आणि सीलमधून वर्षाकाठी थोडा झिरपतो, तेवढाच. दोन महिन्यांत तो गायब होत असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि ते न शोधता भरलेला गॅस म्हणजे हवेत सोडलेले पैसे. हे पटवता पटवता सुरुवातीची वर्षं गेली. लोकांना वाटायचं, हा बिल वाढवतोय.

तपासणीचे वेगळे पैसे घ्यायचे ही कल्पना बायकोची. हिशेब तीच बघते. "गेज लावून दोन तास तुम्ही घालवता आणि गॅसचे पैसे शेजारचा घेतो," असं तिने एकदा वहीच समोर टाकून दाखवलं. 2011 पासून तपासणीचे तीनशे रुपये लावले, काम आमच्याकडे केलं तर बिलातून वजा. ओरड झाली, काही गिऱ्हाइकं तुटली ती तुटलीच. पण वर्कशॉप उभं राहिलं ते याच निर्णयावर, असं माझं ठाम मत आहे.

कोळसा खाणीवर भाड्याने लागलेली एक बोलेरो आठवते. सकाळी गारेगार, दुपारी नुसता वारा. दोन ठिकाणी गॅस भरून झाला होता. गेज लावले तर दोन्ही काटे चढलेले, लाल बाजू, म्हणजे जास्त दाबाची, साडेतीनशे पीएसआयच्या (दाबाचं माप) घरात. गॅस कमी असता तर दोन्ही काटे खाली दिसले असते. पोराला म्हटलं, कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणारा, रेडिएटरपुढचा भाग) पाण्याचा फवारा मार. लाल काटा बघता बघता खाली आला आणि जाळीतून थंड हवा सुटली. म्हणजे गॅस दाबणारा कॉम्प्रेसर धडधाकट होता, कंडेन्सरची उष्णताच बाहेर पडत नव्हती. पुढची जाळी उतरवली, तर कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधे कोळशाची भुकटी आणि राख यांचा गोधडीएवढा थर. त्यात आधीच्यांनी गॅसही जास्त कोंबलेला. गॅस काढून वजन केलं तर बॉनेटखालच्या लेबलवरच्या आकड्याच्या जवळजवळ दीडपट भरला. थर धुतला, लेबलाप्रमाणे गॅस भरला, गाडी गेली. नवा पार्ट एकही नाही.

वजनाचा हा मुद्दा नवीन पोरांना समजायला वेळ लागतो. एसी बंद असताना 30 अंश तापमानाला आर-134ए या गाडीच्या एसीतल्या नेहमीच्या गॅसचा दाब साधारण 97 पीएसआय दाखवतो. आत गॅस पूर्ण असो की अर्धा, थोडा जरी द्रवरूपात उरला असेल तरी काटा तिथेच. त्यामुळे उभ्या गाडीत काटा बघून "गॅस फुल्ल आहे" म्हणणं व्यर्थ. म्हणूनच पुढे कर्ज काढून गॅस काढणारं, वजन करून भरणारं मशीन घेतलं. हप्ते फिटेपर्यंत घरात नवा कूलरसुद्धा आला नाही, आणि मी एसीवाला!

कधी दोष गॅसच्या वाटेवर नसतोच. जाड पाइपला हात लावला तर तो बर्फासारखा थंड, वर घाम सुटलेला, आणि आत मात्र कोमट हवा. अशा वेळी डॅशबोर्डमधला फ्लॅप अडकून हीटरची गरम हवा मिसळत असते. गेज लावायच्या आधी पाइपला हात लावायचा, हे मी आयटीआयहून येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्याच दिवशी सांगतो.

आता इलेक्ट्रिक गाड्या येऊ लागल्यात. त्यांचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर नाही, मोठ्या व्होल्टेजवर चालतो, आणि बऱ्याच गाड्यांत तोच गॅस बॅटरीही थंड ठेवतो. तेलही वेगळं. साध्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरमधलं नेहमीचं पीएजी तेल त्यात गेलं तर विजेच्या इन्सुलेशनची वाट लागते, म्हणून त्या गाड्यांसाठी होज आणि तेल आम्ही वेगळंच ठेवलंय. थोरला मुलगा ट्रेनिंग घेऊन आलाय. केशरी केबलच्या, म्हणजे मोठ्या व्होल्टेजच्या गाडीला त्याच्याशिवाय कुणी हात लावत नाही, मीसुद्धा.

एक विनंती. सकाळी थंड आणि दुपारी गरम अशी तक्रार असेल, तर गाडी दुपारी दोनच्या सुमारास आणा, तीही धुऊन न आणता. आणि जमलं तर मार्चमध्ये या; मे महिन्यात आमच्याकडे गाडी लावायलाही जागा नसते.