शेंगेन व्हिसा: तारखा जुळल्या की निम्मं काम झालं

व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवणारा अधिकारी बहुतेकांना कधी भेटतच नाही. आपली गाठ पडते ती अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्रातल्या कर्मचाऱ्यांशी. ते कागद तपासून यादीवर खुणा करतात, बोटांचे ठसे घेतात आणि फाईल वकिलातीकडे पाठवतात. निर्णयाचा अधिकार त्यांना नसतो, त्यामुळे खिडकीपाशी तळमळून सांगितलेलं काहीही पुढे पोचत नाही. पोचतात फक्त कागद. पुरेसे पैसे, चांगली नोकरी आणि स्वच्छ इतिहास असलेल्या माणसांनाही नकार येतो, याचं कारण माझ्या मते हेच आहे: एका कागदावर एक तारीख, दुसऱ्यावर दुसरी, आणि या दोन्हींचा मेळ घालून द्यायला समोर कोणी नाही.

आधी प्रदेश समजून घ्या. शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या प्रदेशात, आज 29 देश आहेत. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन युरोपीय संघात नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंड आणि सायप्रस संघात असून शेंगेनमध्ये नाहीत, आणि ब्रिटनचा व्हिसा तर पूर्ण वेगळा. छोट्या मुक्कामाच्या व्हिसावर, म्हणजे सी प्रकारच्या, कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. ही 180 दिवसांची चौकट रोज एक दिवस पुढे सरकते, जानेवारीपासून नव्याने सुरू होत नाही.

आता अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? ‘जिथे अपॉइंटमेंट मिळेल तिथे’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. जिथे जाण्याचा मुख्य हेतू आहे किंवा जिथे मुक्काम सर्वांत लांब आहे, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुख्य देश ठरवताच येत नसेल, तर ज्या देशाची बाह्य सीमा ओलांडून तुम्ही आधी आत शिरणार, त्या देशाकडे.

नियम वाचायला सोपा आहे, पण प्रत्यक्ष कार्यक्रमावर बसवताना अडतो. समजा 10 मेला सकाळी अ‍ॅमस्टरडॅमला उतरायचं, तिथे 3 रात्री, मग पॅरिसला 4, स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला 3, रोममध्ये 4, आणि 24 मेला संध्याकाळी रोमहून परत. फ्रान्स आणि इटली बरोबरीत आले. मुख्य देश ठरत नाही म्हणून नेदरलँड्सकडे जावं, तर तिथे तीनच रात्री, त्यामुळे तिथला अधिकारी प्रश्न विचारणार. त्यात अ‍ॅमस्टरडॅमचं विमान फ्रँकफर्टला बदलून असेल, तर पासपोर्ट तपासणी फ्रँकफर्टलाच होते, म्हणजे बाह्य सीमा जर्मनीची ठरते. पुढचं फ्रँकफर्ट ते अ‍ॅमस्टरडॅम हे देशांतर्गत विमानासारखंच. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा बरोबरी मोडावी. अ‍ॅमस्टरडॅमची एक रात्र कमी करून पॅरिसला द्या. 2, 5, 3, 4 असा हिशेब झाला की अर्ज नि:संशय फ्रान्सचा.

हा हिशेब एका पानावर तक्ता करून मांडावा आणि फाईलमध्ये वरच लावावा. तारीख, शहर, रात्रीचा मुक्काम, हॉटेलचं नाव, एका शहरातून दुसऱ्या शहरात कशाने जाणार. कव्हर लेटर लांबलचक लिहिण्यापेक्षा हा तक्ता कितीतरी उपयोगी. रेल्वेची तिकीटविक्री अजून उघडली नसेल तर गाडीचा मार्ग आणि ‘विक्री सुरू झाल्यावर आरक्षण करणार’ एवढं लिहिलं की पुरे.

मग प्रत्येक कागद या तक्त्यासमोर धरून पाहायचा. वरच्याच उदाहरणात विमान घरून 9 मेला रात्री निघतं आणि परतीचं 25 मेला पोचतं. पुष्कळ जण तिकिटावरून पाहून अर्जात 9 आणि 25 लिहितात. अर्जातला प्रश्न शेंगेन क्षेत्रात येण्याचा आणि तिथून निघण्याचा आहे, म्हणून उत्तर 10 आणि 24. दिवस मोजताना येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस धरतात, म्हणजे 14 रात्रींचे 15 दिवस झाले. रजेच्या पत्रात मात्र 9 ते 25 हवं आणि 26 ला कामावर हजर होणार हे स्पष्ट हवं. परतीचं विमान मध्यरात्रीनंतर साडेबाराचं असेल तर खास जपा. तिकिटावर 25 तारीख येते, 24 ची रात्र हॉटेलशिवाय दिसते आणि तक्त्यात भोक पडतं. तिथे ‘24 मे रात्री विमानतळावर, 25 मे 00.30 चं विमान’ अशी ओळ लिहायची आणि अर्जात निघण्याची तारीख 25 द्यायची.

पैशांचे कागद हा दुसरा नाजूक भाग. बँक स्टेटमेंट बहुतेक वकिलाती तीन महिन्यांचं मागतात, काही सहा. अधिकारी शेवटची शिल्लक बघून थांबत नाही. पगार दर महिन्याला येतो का, तो पगारपत्रकाशी जुळतो का, खर्च कसा होतो, हे सगळं तो बघतो. अर्जाच्या आठवडाभर आधी एकरकमी मोठी रक्कम जमा झालेली दिसली की ती उसनी आणली असा संशय येतो, आणि तो रास्त आहे. पैसे खरोखर तुमचेच असतील, ठेव मोडली असेल किंवा काही विकलं असेल, तर त्याची पावती लावा आणि स्टेटमेंटवर त्या ओळीशी खूण करा. खर्च दुसरं कोणी करणार असेल तर त्याचं पत्र, नात्याचा पुरावा आणि त्याचं स्टेटमेंट हे तिन्ही लागतात. नुसतं पत्र लावणं म्हणजे काहीच न लावणं.

रोजचा किती खर्च दाखवायचा हे प्रत्येक देश आपापलं ठरवतो. फ्रान्सचं गणित उघड आहे: हॉटेलचं बुकिंग असेल तर माणशी दिवसाला 65 युरो, नसेल तर 120, आणि यजमानाकडे उतरणार असाल तर 32.50. मात्र यजमानाचं साधं निमंत्रण तिथे चालत नाही. त्याला आपल्या नगरपालिकेतून ‘आतेस्तासियों दाक्युई’ नावाचा दाखला काढावा लागतो आणि त्याचं मूळ पत्र तुमच्या फाईलमध्ये हवं. जर्मनीत खर्चाची हमी घेणारा यजमान स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन औपचारिक हमीपत्र करतो. हे कागद तयार होऊन टपालाने यायला वेळ लागतो, म्हणून नातेवाइकांकडे जाणाऱ्यांनी सुरुवात इथूनच करावी.

हॉटेलचं बुकिंग रद्द करता येण्याजोगं असलं तरी चालतं. त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं असावीत, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नको. व्हिसासाठी खोटी बुकिंग करून देणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. वकिलात हॉटेलला विचारू शकते, आणि ‘दिलेली माहिती विश्वासार्ह नाही’ हे नकाराचं कारण एकदा नोंदलं गेलं की पुढच्या प्रत्येक अर्जाला ते चिकटतं. विमानाचं बिनपरताव्याचं तिकीट व्हिसाआधी घ्यायची गरज नसते, आरक्षण पुरतं. विमा किमान 30,000 युरोंचा हवा. तातडीचे उपचार, रुग्णालय, आजारपणात परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणं, हे सगळं त्यात हवं. तो संपूर्ण शेंगेन क्षेत्रात आणि मुक्कामाच्या प्रत्येक दिवशी लागू असायला हवा. नकार आल्यास पैसे परत देणारी पॉलिसी मिळते, तीच घ्या.

बाकीचं भराभर सांगता येईल. पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने चालणारा, आणि त्यात किमान दोन पानं कोरी. फोटो 35 गुणिले 45 मिलिमीटर, सहा महिन्यांच्या आतला. फी प्रौढांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. बोटांचे ठसे एकदा दिले की 59 महिने चालतात, पासपोर्ट बदलला तरी, कारण ते माणसाच्या नावावर साठवलेले असतात. तरी जुन्या व्हिसाची प्रत लावावी म्हणजे शोध सोपा जातो. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, पण मूल एकाच पालकाबरोबर जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. बोट कापलेलं किंवा सोललेलं असेल तर ठसा उमटत नाही, तेव्हा जमल्यास अपॉइंटमेंट पुढे घ्या.

प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि शेवटची मुदत 15 दिवस आधीची. निर्णय साधारण 15 दिवसांत येतो, पण नियमाप्रमाणे तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. त्या काळात पासपोर्ट तुमच्याजवळ नसतो हे विसरू नका. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी अपॉइंटमेंटच्या जागा पटापट संपतात. आधी जागा पकडा, कागद मग जमवत बसा. केंद्रात एखादा कागद कमी आहे म्हणाले तर ‘मला कल्पना आहे’ असं लिहून सही करून अर्ज पुढे पाठवता येतो. कागद किरकोळ असेल तर हरकत नाही, पण मुक्कामाचा किंवा पैशांचा असेल तर नवी वेळ घेतलेली बरी.

पासपोर्ट परत मिळाला की स्टिकर तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, मग ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा, त्यांच्याशेजारी प्रवेशांची संख्या आणि मुक्कामाचे दिवस. सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. एकदाच प्रवेशाच्या व्हिसात साधारण 15 दिवसांची सवलत धरून तारखा दिलेल्या असतात. म्हणजे 10 मे ते 8 जून अशा तारखा दिसतील, पण दिवसांच्या रकान्यात 15 असेल. राहायचं पंधराच दिवस. उरलेली मुदत विमान पुढे-मागे झालं तर उपयोगी पडावी म्हणून आहे. चूक सापडली तर केंद्रातून बाहेर पडण्याआधी नोंदवा.

प्रवेशांची संख्या 01 असेल तर नकाशा नीट बघा. पॅरिसहून रेल्वेने लंडनला गेलात की शेंगेनमधून बाहेर पडलात, परत आत येता येत नाही. क्रोएशियात ही फजिती आणखी सहज होते. डुब्रोव्हनिकहून मोस्तारची किंवा कोटरची एका दिवसाची सहल सगळीकडे विकली जाते. मोस्तार बोस्नियात, कोटर माँटेनेग्रोत, दोन्ही शेंगेनबाहेर. स्प्लिटहून डुब्रोव्हनिकला जाणारा जुना रस्ताही नेउमपाशी बोस्नियातून जातो. जुलै 2022 मध्ये पेल्येशाचचा पूल उघडला तेव्हापासून क्रोएशियातूनच जाता येतं, पण बस कुठल्या रस्त्याने जाते हे तिकीट काढताना विचारायलाच हवं. असा बेत असेल तर अर्जातच अनेक प्रवेश मागावेत आणि तक्त्यात तो दिवस दाखवावा.

नकार आला तर ठरावीक छापील फॉर्म मिळतो, त्यात कारणाच्या चौकोनावर खूण असते. ‘मुक्कामाचा हेतू आणि तपशील पटलेला नाही’ म्हणजे बहुधा तक्ता आणि बुकिंग जुळलेलं नाही. ‘मुदतीआधी परत जाण्याबद्दल शंका’ म्हणजे नोकरी, कुटुंब, मालमत्ता यांचे कागद तोकडे पडले. अपील करता येतं, पण त्याची पद्धत आणि मुदत प्रत्येक देशाची वेगळी. जर्मनीने वकिलातीकडेच फेरविचार मागायची सोय 1 जुलै 2025 पासून बंद केली, तिथे आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं न्यायालय. फी परत मिळत नाही. तीच फाईल तशीच पुन्हा देणं म्हणजे पैसे वाया घालवणं. नकार लपवू नका, तो त्यांच्या यंत्रणेत दिसतोच.

व्हिसा असला तरी सीमेवरचा अधिकारी हॉटेल, परतीचं तिकीट, विमा आणि पैसे यांचे पुरावे मागू शकतो, म्हणून फाईलची प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. ऑक्टोबर 2025 पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी चेहरा आणि ठशांसह संगणकीय नोंद घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे जादा राहिलेला एक दिवसही लगेच कळतो. ही नोंद पुढच्या व्हिसासाठी महत्त्वाची आहे. एप्रिल 2024 च्या निर्णयानुसार भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांनी गेल्या तीन वर्षांत दोन व्हिसा मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील, तर त्यांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि पासपोर्टची मुदत पुरेशी असेल तर त्यानंतर साधारणपणे पाच वर्षांचा. जाता-येतानाचे बोर्डिंग पास त्यासाठी जपून ठेवा आणि पुढच्या अर्जाला त्यांच्या प्रती जोडा.