मागून येणारा ‘टक्’

जुन्या गाडीच्या मागून आवाज यायला लागला की ओळखीतलं कुणी ना कुणी मला विचारतंच, "तुमच्या गाडीचा आवाज गेला ना? काय बदललंत?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून खरं ते सांगतो. आधी मी मागचे दोन्ही शॉकअप (गाडीचे हेलकावे आवरणारे दट्टे) बदलले. आवाज होता तिथेच राहिला.

आवाज असा होता: हळू वेगात, बारीक खडबडीत रस्त्यावर, मागून उजवीकडून ‘टक्, टक्‌टक्’. मोठ्या गतिरोधकावरून मात्र गाडी गुपचूप जायची. आणि मागच्या सीटवर कुणी बसलं की आवाज बंद. त्यामुळे घरच्यांचं ठाम मत झालं होतं की मला भास होतात. ते बसले की गाडी शहाण्यासारखी वागायची ना! उत्तर या एवढ्यात होतं, पण ‘मागचा आवाज म्हणजे शॉकअपच’ हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की मी ऐकलंच नाही.

काढलेले जुने शॉकअप नंतर उभे धरून हाताने दाबून पाहिले. शेवटपर्यंत एकसारखा जोर लागत होता, मध्येच हात पोकळीत गेल्यासारखा सुटत नव्हता, दांड्यापाशी तेलाचा ओघळ नव्हता. बिचारे धडधाकट होते. गेलेल्या शॉकअपची तक्रार सहसा वेगळीच असते. खड्डा ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलत राहते, भरलेली असली की मागचा भाग ‘धप्प’ करून टेकतो. टकटक ऐकू आली तर शॉकअपच्या आधी त्याचा खालचा बुश (जोडातलं रबरी अस्तर) आणि वरचा माउंट (तो गाडीला जिथे बसतो ती बैठक) बघायचा.

मग मात्र मी पहिल्यापासून सुरुवात केली. डिकी रिकामी केली: स्टेपनी, जॅक, पाने, सगळं बाहेर. (हसू नका. सैल जॅकने कित्येकांना नवीन शॉकअप घ्यायला लावलेत.) सायलेन्सर थंड असताना हाताने हलवून त्याचे रबर पाहिले. आवाज येत असताना ब्रेकवर हलकासा पाय ठेवून पाहिला. तेवढ्याने आवाज थांबला असता तर लायनर किंवा कॅलिपर, म्हणजे ब्रेकचाच एखादा भाग, सैल आहे असं समजायचं. थांबला नाही. शेवटी मित्राला गाडी चालवायला देऊन मी मागच्या सीटवर बसलो, कान चाकाच्या बाजूला लावून. आणि अर्थातच, मी बसल्यावर आवाज बंद!

तिथे डोक्यात प्रकाश पडला. सायलेन्सरला किंवा ब्रेकला मागे कोण बसलंय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. वजन पडल्यावर जे घट्ट दाबलं जातं आणि वजन उतरलं की सैल होतं, असं काहीतरी वाजत होतं.

गाडी उचलताना एक लक्षात ठेवा. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. ती चाकं हवेत गेली की त्याचा काही उपयोग राहत नाही. म्हणून आधी पुढच्या चाकांना पुढूनमागून ठोकळे लावायचे, गाडी भक्कम स्टँडवर टेकवायची, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली डोकं घालायचं नाही.

चाक काढून टॉर्चने पाहिलं तर सगळीकडे सारखाच राखाडी चिखल. फडक्याने पुसत गेलो. स्प्रिंगचा शेवटचा वेढा खालच्या वाटीत बसतो, तिथे बोटाला धार लागली. वेढ्याचं टोक तुटलं होतं आणि बोटभर लांबीचा तो तुकडा वाटीतच पडून होता. बाकी लोखंड गंजाने तांबूस, पण जिथे तुकडा वरच्या वेढ्याला आपटत होता तिथे नखाएवढा डाग नव्या चमच्यासारखा चकाकत होता. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीखाली गेलो की आधी असा डाग शोधतो. गंजलेल्या गाडीत चकाकणारं लोखंड म्हणजे तिथे काहीतरी सतत घासतंय.

तुटण्याचं कारण साधंच आहे. वाटीत चिखल-पाणी साचतं, घासून स्प्रिंगचा रंग उडतो, गंज लोखंडात खड्डे पाडतो आणि स्प्रिंग तिथूनच तुटते. टोक वाटीत लपलेलं असल्यामुळे वरवर बघणाऱ्याला ती धड दिसते.

तुमचा आवाज ‘टक्’ नसून ‘कुईं’ किंवा करकर असेल तर बुशांकडे जा. एकेका बुशावर साधं पाणी फवारायचं आणि गाडी मागून दाबून पाहायची; ज्याच्यावर पाणी पडल्यावर आवाज गेला, तो सापडला. वंगणाचं तेल मात्र ओतू नका, बहुतेक बुशांचं रबर त्याने फुगून मऊ पडतं.

माझ्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे आहेत. त्यामुळे ऍक्सलला (मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) खालून जॅकचा आधार देऊन, शॉकअपचे खालचे बोल्ट काढून, ऍक्सल सावकाश खाली सोडला की स्प्रिंग जवळजवळ मोकळी हातात येते. दोन्ही बाजूंच्या बदलल्या, नाहीतर गाडी एका अंगाला कलते. स्प्रिंग शॉकअपभोवतीच बसवलेली असेल तर ती दाबलेल्या अवस्थेत असते. सुटली तर हाड मोडेल. ते काम योग्य साधन असलेल्या माणसाकडे द्या.

राहिलं बोल्ट आवळणं, जिथे शिकलेसवरलेलेही चुकतात. रबरी बुशात आतली नळी बोल्टने जखडली जाते, बाहेरची ऍक्सलला किंवा शॉकअपला घट्ट असते, आणि मधलं रबर दोघींना चिकटलेलं असतं. हालचाल होते ती रबर पिळूनच. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळलात तर गाडी खाली उतरल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं, आणि नवा बुशही लवकर फाटतो. मी बोल्ट हाताने बसवले, गाडी चाकांवर उतरवली, मागून दोन-चारदा दाबून बसू दिली, आणि मग खाली आडवा होऊन टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकंच आवळता येतं असा पाना) आवळले. जागा अपुरी, पाठ भरून आली, पाना दर वेळी जेमतेम दोन दात सरकायचा. मग एकटाच त्याच खडबडीत रस्त्यावर गेलो, मागची सीट रिकामी ठेवून.