वीतभर टोरांटो

भाचीचं विमानाचं तिकीट आलं, गोव्यातल्या मोपाहून दिल्ली, दिल्ली ते टोरांटो. मधलं थांबणं धरून पंचवीस तास. जेवून आडवा व्हायच्या बेतात होतो, पण कपाटावरचा शाळेतला पृथ्वीगोल दिसला आणि झोप गेली. आई आबोली गुंफत बसली होती. तिच्या रिळातला हातभर दोरा तोडून घेतला.

ही माझी जुनी खोड. कुणी दूर निघालं की दोरा लावून बघायचं. भिंतीवरच्या नकाशात टोरांटो सरळ डावीकडे दिसतं. अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक. गोलावर दोरा ताणला की तो ऐकत नाही, सरकत सरकत वर जातो. रशिया, फिनलंड, नॉर्वे, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, मग ग्रीनलंडवरून खाली. जवळची वाट बर्फातून! सुमारे १२,९०० किलोमीटर. आमच्या छोट्या गोलावर बरोबर एक वीत.

"वीतभरच आहे," मी म्हटलं.

"म्हणजे रातचें जेवण खंय जातलें?" आईने विचारलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी तिला घड्याळाची गंमत सांगू लागलो. तिकडे आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे (थंडीत साडेदहा), म्हणजे पोचल्यावर पोरीला तेवढे तास फुकट मिळणार. "येताना परत घेतात ते," आई म्हणाली आणि गाठ मारली.

लांब-जवळचा हिशेब मला आजोबांनी बिघडवून ठेवला. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल कोसळला. त्या पावसात आजोबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं, आणि सोबतीला मी. म्हापशाहून बेतीपर्यंत बस भुर्रकन आली. पुढे फेरीबोटीची रांग. समोर पणजी, तिथल्या दुकानांच्या पाट्या वाचता येतील इतकी जवळ. आणि आम्ही एका छत्रीखाली, निम्मे भिजलेले. एक बोट भरून गेली, दुसरी गेली. शेजारच्या मासळीवालीने पाटी खाली ठेवली ती पुन्हा उचललीच नाही. मला भूक लागली, आजोबांनी खिशातून चुरगळलेल्या कागदातले चणे काढले. तेही ओले.

"पणजी दिसते म्हणजे पोचलो नव्हे रे," ते म्हणाले. त्यांना तशीही ती दिसत नव्हती, डोळ्यांसाठीच तर निघालो होतो. पोचलो तेव्हा दवाखाना बंद झाला होता. परत तीच रांग, उलट्या बाजूने.

आता तिथे मांडवीवरच्याच अटल सेतू नावाच्या पुलावरून माणूस मिनिटाभरात पार होतो आणि पलीकडे पार्किंग शोधत अर्धा तास फिरतो. असो.

हातात दोरा होताच, म्हणून उगीच कुवेतवर टेकवला. गोव्यापासून फक्त तीन बोटं. काका तिथे होता. आजोबा गेले तेव्हा तार गेली, मग फोन, मग त्याचा पासपोर्ट मालकाकडे, मालक सुट्टीवर. काका तिसऱ्या दिवशी दुपारी आला. अंगणात मांडव तसाच होता. त्याने चपला काढल्या आणि आत कुणी आहे का, असं विचारल्यासारखं बघितलं.

"तीन बोटं कसली धरून बसलास?" आईने विचारलं. "दोरो दी हांगा."

दिला.