एकेका केसाभोवती गांध

पायांवरचे केस लेझरने काढायला क्लिनिकमध्ये सहा सेशन्सचं पॅकेज घेतलं तेव्हा मला भीती होती ती फक्त भाजण्याची. लेझर केसातल्या मेलॅनिनवर, म्हणजे काळ्या रंगद्रव्यावर जातं आणि आमच्या सावळ्या कातडीत ते मुळातच भरपूर. म्हणून मशीनची सगळी चौकशी केली. डायोड प्रकारचं लेझर, तरंगलांबी ८०८ नॅनोमीटर. पहिल्या खेपेला पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी बारीक लाल पुरळ उठलं, दुसऱ्या दिवशी बसलं. एवढं होतंच, असं तिथली मुलगी म्हणाली. ते खरंही आहे.

दुसऱ्या खेपेला रात्रभर काही नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोंबिवली लोकलमध्ये उभी होते आणि पायांना अशी खाज सुटली की लाजलज्जा सोडून सलवारीवरूनच खाजवलं. घरी येऊन बघते तर घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गांधी. गुडघ्याच्या वर एकही नाही. मशीन जिथवर फिरलं तिथवरच. प्रत्येक गांधीच्या मधोमध केसाचा काळा ठिपका.

"पित्त उठलंय तुझं," म्हणत आई आमसुलं कोळायला बसली. लावलं. गार वाटलं, तेवढंच. क्लिनिकला फोन केला तर, "मॅम, नॉर्मल आहे, ॲलोवेरा लावा." पण नेहमीचं पित्त कसं, सकाळी हातावर तर दुपारी पाठीवर. हे चौथ्या दिवशीही जागचं हलेना.

स्किनच्या डॉक्टरांनी पाय बघितले आणि विचारलं, "सर्दी-शिंकांची ॲलर्जी आहे का?" आहे ना, शाळेपासून! माळा झाडायला घेतला की वीस शिंका ठरलेल्या. क्लिनिकच्या फॉर्ममध्ये टॅटूपर्यंत सगळं विचारलं होतं, शिंकांचं कोणी विचारलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, हे भाजलेलं नाही. क्वचित कुणाला होतं. उष्णतेने केस आतल्या आत फुटतो, त्यातलं काहीतरी आसपास सांडतं आणि ॲलर्जीवाल्यांचं अंग त्यावर चवताळतं, असा अंदाज आहे. ॲलर्जीची गोळी, पाच दिवस स्टेरॉईड, वरून मलम. आठवड्याने पाय पूर्वीसारखे झाले, डागही राहिले नाहीत.

पुन्हा करायचंच असेल तर आधी तळहाताएवढ्या जागेवर करून तीन-चार दिवस वाट बघा, असं त्यांनी सांगितलंय. चार सेशन्स बाकी आहेत आणि पैसे परत मिळणार नाहीत असं पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलंय. माझं अजून काही ठरत नाही. तूर्तास रेझर.

आईच्या मते ते आमसुलानेच उतरलं.